अडचणीच्या जागी असलेला ऑईल फिल्टर घरी बदलताना

ट्रॅक्टरचे ऑईल व फिल्टर घरच्या घरी बदलणारे शेतकरी आता गावोगाव आहेत. ट्रॅक्टरचा फिल्टर बहुधा इंजिनच्या बाजूला उघडाच असतो आणि पाना लावायला पुरेशी जागा असते. परंतु त्याच दारात आज भाजीचे कॅरेट आणि घरची माणसे नेणारी छोटी गाडीही उभी असते. तिचे बॉनेट उघडले तर फिल्टर चटकन दिसतही नाही. छोट्या गाडीत इंजिन आडवे बसविलेले असल्याने फिल्टर कधी इंजिनच्या मागे, कधी खाली सायलेन्सरच्या नळीला लागून असतो. त्यामुळे "ऑईल बदलू, फिल्टरचे पुढच्या वेळी पाहू" असे होते आणि ती पुढची वेळ येत नाही.

फिल्टर का बदलावा ?

ऑईल फिरत्या भागांमध्ये पातळ थर धरून घर्षण टाळते, उष्णता वाहून नेते आणि इंजिनमधील काजळी, धूळ व धातूचे बारीक कण स्वतःत तरंगत ठेवते. त्यामुळे ऑईल काळे पडणे हा त्याचा दोष नव्हे. मात्र वाहून आणलेले कण अडविण्याचे काम फिल्टरमधील घडीच्या कागदाचे असते. हा कागद चोंदला तर ऑईल अडून इंजिन कोरडे पडू नये म्हणून एक झडप उघडते आणि ऑईल न गाळताच पुढे जाते. म्हणजे चोंदलेल्या फिल्टरची गाडी वरवर व्यवस्थित चालते, पण बेअरिंगला गाळलेले तेल मिळत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतरस्त्यांवर उडणाऱ्या धुळीत वाळूचे बारीक, कठीण कण असतात. ते एअर फिल्टरमधून निसटून आत गेले तर पॉलिश पेपरसारखे काम करतात. शिवाय जुन्या फिल्टरमध्ये जुने ऑईल भरलेले असते. फिल्टर तसाच ठेवला तर ते नव्या ऑईलमध्ये मिसळते.

किती किलोमीटरवर बदलायचे, ऑईल कोणत्या ग्रेडचे आणि किती लिटर लागेल, हे गाडीच्या पुस्तकात पाहावे. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधले उरलेले ऑईल पेट्रोल गाडीत ओतू नये.

गाडीखाली जाण्यापूर्वी

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक मऊ मातीत कलतो किंवा निसटतो. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे खाली लावण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ते वजनाखाली अचानक फुटतात. लोखंडी स्टँड किंवा जाड, सपाट लाकडी ओंडके वापरावेत. जागा कडक व सपाट असावी, हॅन्डब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड लावावेत. हे काम एकट्याने न करता घरातले कोणी जवळ असू द्यावे.

इंजिन ५ ते १० मिनिटे चालवून बंद करावे. कोमट ऑईल पातळ होऊन गाळासह निथळते. मात्र सायलेन्सरची नळी हात लावण्याइतकी निवेपर्यंत थांबावे, कारण अडचणीच्या फिल्टरपर्यंत जाताना मनगट नेमके तिलाच लागते.

आता फिल्टर शोधावा. बॅटरी आणि दाढीचा लहान आरसा येथे फार उपयोगी पडतो. हात वरून जातो, खालून जातो की पुढचे चाक काढून बाजूने जातो, हे तिन्हीकडून पाहून ठरवावे. अनेक गाड्यांत चाक काढण्याची दहा मिनिटे पुढचा तासभर वाचवितात.

एक क्रम मात्र मी आग्रहाने सांगेन. ऑईल सोडण्याआधी फिल्टर हलतो का ते पाहावे. बहुतेक जण आधी चेंबरचा नट काढून ऑईल रिकामे करतात आणि मग फिल्टर हलत नाही म्हणून हताश होतात. गाडी तर मिस्त्रीकडे नेता येत नाही, कारण इंजिनमध्ये ऑईल नाही. आधी पाहिले आणि फिल्टर हललाच नाही, तर निदान गाडी चालवत नेता येते.

फिल्टर सोडविणे

फिल्टरच्या बंद टोकाकडून पाहिले असता तो घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने सुटतो. पण गाडीखाली उताणे पडून किंवा इंजिनमागे हात घालून काम करताना डावे-उजवे गोंधळते आणि सोडण्याऐवजी आवळले जाते. यासाठी नव्या फिल्टरवर खडूने सोडण्याच्या दिशेचा बाण काढावा आणि तो जुन्या फिल्टरसारखाच धरून हाताने फिरवून पाहावा.

ऑईलने बुळबुळीत झालेला डबा आधी कोरडा पुसावा. हाताला जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा गुंडाळला किंवा पॉलिश पेपरची खरखरीत बाजू डब्याकडे धरली तर पुष्कळदा तेवढ्याने काम होते. नाही तर पट्ट्याचा पाना किंवा डब्याच्या टोकावर टोपीसारखा बसणारा पाना वापरावा. अडचणीच्या जागी टोपीचा पाना बरा, कारण त्याला बाजूने जागा लागत नाही. तो आपल्या फिल्टरच्या मापाचाच घ्यावा. डब्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरविण्याची युक्ती बरेच जण सांगतात. डब्याचा पत्रा पातळ असतो. तो फाटला तर नुसती बूडपट्टी इंजिनला चिकटून राहते व ती काढणे मूळ कामापेक्षा अवघड होते. मी ही युक्ती करीत नाही.

फिल्टर हलला की रुंद घमेले ठेवून चेंबरचा नट काढावा आणि ऑईल पूर्ण निथळू द्यावे. नटाचा वायसर दबला असेल तर नवा घालावा. नट आधी बोटांनी फिरवून मगच पान्याने बेताने आवळावा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे फार लवकर मरतात. मग जाड प्लॅस्टिकची पिशवी फिल्टरवर चढवून शेवटचे आटे पिशवीतूनच फिरवावेत. फिल्टर व त्यातले ऑईल पिशवीत पडते, सायलेन्सरवर किंवा रबरी भागांवर सांडत नाही.

रबरी वायसर

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि ती मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. जुना फिल्टर निघाला की त्याच्या तोंडावरचा रबरी वायसर त्याच्यासोबत आला का, ते पाहावे. कित्येकदा तो उष्णतेने इंजिनलाच चिकटून राहतो. माझ्या गाडीचा फिल्टर इंजिनच्या मागे आहे. पहिल्यांदा घरी बदलला तेव्हा मी पाहिलेच नाही आणि जुन्या वायसरवर नवा वायसर बसला. इंजिन सुरू केले, अंगणात थेंबही गळला नाही. तीन-चार किलोमीटर गेल्यावर, वेग वाढला तसा, दाबाने वायसर सरकला आणि समोर तेलाचा तांबडा दिवा लागला. मी इंजिन तत्क्षणी बंद केले म्हणून ते वाचले. मागे वळून पाहिले तर डांबरावर काळी रेघ ओढली होती.

तेलाचा तांबडा दिवा दाब गेल्याची खूण आहे. तो चालत्या गाडीत लागला तर "पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ" असे म्हणू नये. गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद करावे. दाब नसताना काही मिनिटांतच बेअरिंग चिकटून इंजिन जॅम होऊ शकते.

तेव्हा इंजिनवरची बैठक चिंधीने पुसावी, आरशात पाहावी आणि बोट फिरवून खात्री करावी. नव्या फिल्टरच्या वायसरला नव्या ऑईलचे बोट फिरवावे. फिल्टर हातानेच लावावा. आधी थोडा उलटा फिरवून आटा बसल्याची जाणीव झाली की मग सुलटा फिरवावा, म्हणजे तो तिरपा चढत नाही. वायसर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरे असतो. फिल्टरवर वेगळे छापले असेल तर ते पाळावे. बसविताना पाना लावून आवळलेला फिल्टरच पुढच्या वेळी सुटत नाही.

नवे ऑईल पुस्तकात दिल्यापेक्षा थोडे कमी ओतावे व इंजिन सुरू करावे. रिकामा फिल्टर भरेपर्यंत दिवा काही सेकंद राहतो, तोवर ॲक्सिलरेटर दाबू नये. दिवा गेला नाही तर इंजिन बंद करावे. दोन-तीन मिनिटे चालू ठेवून फिल्टर व नट गळत नाहीत ना, ते बॅटरीने पाहावे. मग इंजिन बंद करून गाडी सपाट जागी घ्यावी, १० मिनिटांनी डिपस्टिक पाहून पातळी दोन खुणांमध्ये, वरच्या खुणेजवळ आणावी. खुणेच्या वर भरू नये. पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा वाकून पाहावे. तारीख व किलोमीटर फवारणीच्या नोंदवहीतच लिहून ठेवावे.

जळक्या ऑईलचे काय करावे ?

हा भाग मी कृषिविद्येचा शिक्षक म्हणून लिहितो. जळके ऑईल बांधावर, चरीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते मातीच्या कणांवर थर धरते, पाणी मुरत नाही आणि त्या जागी बी उगवत नाही. ऑईलमध्ये कर्ब भरपूर व नत्र जवळजवळ नसते, म्हणून ते कुजविणारे जीवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात व आसपासचे पीक पिवळे पडते. त्यातील काही घटक कर्करोगकारक आहेत. म्हणून काम करताना रबरी हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत आणि हे ऑईल जनावरांच्या जखमेवर किंवा गोचिडांवर मुळीच लावू नये. गायी-म्हशी ते चाटतात. वापरलेले ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्यावा, ऑईल झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर ठळक अक्षरांत लिहावे आणि मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. गॅरेजमध्ये जळक्या ऑईलचे पिंप असते व तेथून ते पुनर्प्रक्रियेसाठी नेले जाते. तालुक्याला जाताना कॅन तेथे रिकामा करावा. तो कॅन फवारणीच्या पाण्यासाठी पुन्हा वापरू नये.