आधी छप्पर, मग पदवी

मुलीने गावाबाहेर शिकायला जायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘काय शिकणार?’ हा नव्हे, तर ‘राहणार कुठे?’ हा. माझी थोरली मावशी चांगल्या गुणांनी मॅट्रिक झाली होती. फीचे पैसेही जमले असते. पण शहरात ना कोणी नातेवाईक, ना मुलींच्या राहण्याची सोय. तिचे शिक्षण तिथेच थांबले. म्हणूनच ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजचा इतिहास मला परका वाटत नाही.

ऑक्सफर्डमध्ये कॉलेज म्हणजे नुसते वर्ग नव्हेत. राहणे, जेवणे, ग्रंथालय, अध्यापकांचे मार्गदर्शन, सारे एकाच आवारात. परीक्षा आणि पदव्या मात्र विद्यापीठाच्या. कित्येक शतके या आवारांत विद्यार्थिनींना जागाच नव्हती. १८७९ मध्ये मुलींसाठी दोन निवास सुरू झाले. एक इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, आणि दुसरे धर्माची अट न घालणारे सॉमरव्हिल. सुरुवातीला इथे अवघ्या बारा मुली होत्या. नाव दिले ते मेरी सॉमरव्हिल या गणिती विदुषीचे. लहानपणी ती रात्री जागून गणित करते म्हणून घरच्यांनी तिच्या मेणबत्त्या काढून घेतल्या होत्या!

या मुलींना व्याख्यानाला जाताना सोबतीला एखादी वयस्क बाई लागे. पुढे हळूहळू परीक्षांना बसता येऊ लागले. पदवी मात्र नाही.

१८८९ मध्ये इथे आपल्या नाशिकला जन्मलेली एक मुलगी दाखल झाली. कॉर्नेलिया सोराबजी तिचे नाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ती शिकली, मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली. गुणांच्या जोरावर विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिचीच होती. पण ती मुलगी, म्हणून नाकारली गेली. शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८९२ मध्ये खास परवानगी मिळवून कॉर्नेलिया कायद्याच्या परीक्षेला बसली. मुंबई विद्यापीठाने या मुलीला पदवी दिली होती. ऑक्सफर्डने मात्र परीक्षा घेऊनही दिली नाही. तिथे स्त्रियांना पदव्या मिळू लागल्या १९२० मध्ये, म्हणजे सॉमरव्हिल सुरू झाल्यावर ४१ वर्षांनी. कॉर्नेलियाची कायद्याची पदवीही त्यानंतरच तिच्या हाती पडली. तोवर पडदानशीन स्त्रियांची कायदेशीर गाऱ्हाणी ऐकण्यात तिची कितीतरी वर्षे गेली होती.

मग ही ४१ वर्षे मुली तिथे का येत राहिल्या? मला वाटते, स्वतःची खोली, टेबल, वाचायला पुस्तके आणि ‘एवढे शिकून काय करणार?’ असे न विचारणारी माणसे त्यांना तिथे मिळत होती. पदवी देणे विद्यापीठाच्या हाती होते. हे छप्पर मात्र त्यांचे स्वतःचे होते.

या छपराखालून पुढे कोण कोण गेले! १९३७ मध्ये इंदिरा नेहरू इथे आल्या. इथेच शिकलेल्या आणि इथेच शिकवणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना १९६४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांची विद्यार्थिनी मार्गारेट थॅचर १९७९ मध्ये ब्रिटनची पंतप्रधान झाली, तेव्हा कॉलेजला नेमकी शंभर वर्षे होत होती.

पहिल्या महायुद्धात सॉमरव्हिलची इमारत लष्करी इस्पितळासाठी घेतली गेली आणि मुली ओरिएल या मुलांच्या कॉलेजच्या आवारात राहिल्या. पाहुण्या म्हणून मुलींना जागा देणाऱ्या त्याच ओरिएलने विद्यार्थिनी म्हणून त्यांना प्रवेश दिला तो थेट १९८५ मध्ये, साऱ्या मुलांच्या कॉलेजांत सर्वांत शेवटी. त्यानंतर सातच वर्षांनी, १९९२ मध्ये, सॉमरव्हिलने मुलांना घ्यायचे ठरवले. विद्यार्थिनींनी जोरदार निषेध केला, तरी १९९४ मध्ये मुले आलीच. इतरांचे दरवाजे उघडल्यावर आपला बंद ठेवता येत नाही, हे मला पटते. पण त्या मुलींचा रागही समजतो. कष्टाने मिळवलेले घर वाटून घेताना जीव तुटतोच.

आपल्याकडे आता तालुक्याच्या गावीही महाविद्यालये निघाली आहेत. त्यांच्या इमारती आपण कौतुकाने पाहतो. तिथे मुलींसाठी खाटा किती, हेही कधी आवर्जून विचारून पाहावे. वाडीवस्तीवरच्या एखाद्या मुलीचे शिक्षण त्या आकड्यावर अडलेले असते.