मसाल्याच्या बियांतील तण आणि व्यापाऱ्याचे कर्तव्य

धने, जिरे, बडीशेप, मेथी व ओवा या जिनसांचा व्यवहार आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. तथापि त्यांच्या शेतातील तण हा केवळ शेतकऱ्याच्या चिंतेचा विषय होय, अशी समजूत आपल्या व्यापारी बांधवांत रूढ आहे. ती बरोबर नव्हे. शेतात राहिलेल्या तणाचे बी पोत्यात उतरते, पोत्यातून चाळणीवर येते आणि शेतकऱ्याचे भावात व आपले वजनात नुकसान करते.

ही पिके तणापुढे मुळातच दुबळी आहेत. धने उगवण्यास दहा ते पंधरा दिवस लागतात. जिरे व ओवाही सावकाश उगवतात. पुढेही महिनाभर ही रोपे इतकी नाजूक असतात की, जमिनीवर त्यांची सावली पडत नाही. तेवढ्यात चाकवत, हराळी, लव्हाळा इत्यादी तणे ओल व खत फस्त करतात. म्हणून पेरणीनंतरचे पहिले दीड ते दोन महिने निर्णायक समजावेत. मुळीच भांगलण न केलेल्या जिऱ्याचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे.

आता खर्चाचा विचार करू. सर्वांत स्वस्त उपाय पेरणीपूर्वीचा. पावसाने किंवा पाण्याने तण उगवू द्यावे व हलका कुळव फिरवून ते मोडावे, मगच पेरावे. दुसरा उपाय, बी फोकून न टाकता कुरीने एक फुटाच्या ओळींत पेरणे. त्यामुळे ओळींमधून कोळपे चालते व खुरप्याचे काम फक्त ओळीपुरते उरते. तिसरा उपाय वेळेचा. पहिली भांगलण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात करावी. दोन पानांवर असलेले तण काढण्यास जी मजुरी लागते, तिच्या कित्येक पट ते गुडघ्याएवढे झाल्यावर लागते.

मजूर मिळत नसल्यास पेरणीनंतर, उगवणीपूर्वी पेंडिमेथॅलिन फवारतात. जिरे व धने यांच्या प्रयोगांत त्याचे हेक्टरी एक किलो क्रियाशील प्रमाण, म्हणजे तीस टक्के औषधाचे सुमारे सव्वातीन लिटर, वापरले गेले आहे. त्यावर एक भांगलण द्यावीच लागते. परंतु डब्यावरील पत्रकात त्या पिकाचे नाव असेल, तरच कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने हा मार्ग धरावा. बीजीय मसाल्यांच्या संशोधनासाठी अजमेरजवळ तबीजी येथे २००० साली राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आहे. तेथील शिफारशी पाहणे हितावह ठरेल.

आता आपल्या दोषाकडे वळू. पूर्वी चाळणीखालचा माल मी स्वतः कमी दराने बियाण्यासाठी दिला आहे. गरजू कुळास मदत केली, असेच तेव्हा वाटले. प्रत्यक्षात मी त्याच्या शेतात तणच पेरले. जिऱ्यात तर इसबगोलाच्या वर्गातील एक तण असे आहे की, लहानपणी ते जिऱ्यासारखेच दिसते व त्याचे बी चाळूनही सहज निघत नाही. तणाचे बी एकदा रुजले की काय होते, हे निपाणी भागास सांगावयास नको. तंबाखूच्या मुळांवर जगणाऱ्या बंबाखूचे धुळीसारखे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते.

आपल्या धर्माने संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला असून उद्योगी हिंसा गृहस्थास पूर्णपणे टळत नाही, हेही मानले आहे. तण हाही एकेंद्रिय जीवच. म्हणून ते वाढवून मग खुरप्याने वा विषाने मारण्यापेक्षा, त्याचे बी शेतात जाऊच न देणे हे अल्पहिंसेचे व अल्पखर्चाचेही होय. येथे विवेक व हिशेब एकच गोष्ट सांगतात.

यास्तव दोन सूचना नम्रपणे मांडतो. चाळणीखालचा माल बियाणे म्हणून कोणीही विकू नये. तो नष्ट करावा. आणि स्वच्छ, तणरहित माल आणणाऱ्या शेतकऱ्यास भावात स्पष्ट फरक द्यावा. भांगलणीचा खर्च वसूल होतो असे दिसले, तरच शेतकरी भांगलण करील. आपल्या तराजूने जर निष्काळजी व कष्टाळू शेतकऱ्यास एकाच भावाने तोलले, तर बियाण्यात तण येते अशी तक्रार करण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.