सायलेन्सरच्या कामानंतर बंद पडणारा जुना ट्रक : दोष कसा शोधावा

शेतातील माल वेळेवर बाजारात किंवा कारखान्यावर पोहोचला नाही, तर हंगामभराच्या श्रमांचे चीज होत नाही. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. विलंब होईल तसतसे त्याचे वजन व साखरेचा उतारा घटत जातो. अशा वेळी सायलेन्सर बदलून आणलेला जुना डिझेल ट्रक वारंवार बंद पडू लागला, की मालक गोंधळून जातो. पंप बिघडला असे समजून पंप व नोझल उघडले जातात आणि पैसा व वेळ दोन्ही खर्ची पडतात. वास्तविक, जो दोष कामापूर्वी नव्हता व कामानंतर उद्भवला, त्याचे मूळ बहुधा त्या कामातच असते. म्हणून तपासाचा आरंभ तेथूनच करावा.

इंजिन का गुदमरते?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा आत घेणे, ती दाबणे, इंधन जळून शक्ती निर्माण होणे आणि जळलेला वायू बाहेर टाकणे या चार क्रिया क्रमाने घडतात. धूर बाहेर जाण्याची वाट अडली, तर जळलेला वायू काही अंशी सिलिंडरमध्येच राहतो. तितकी ताजी हवा आत येऊ शकत नाही, इंधन नीट जळत नाही, जोर कमी पडतो आणि शेवटी इंजिन बंद पडते. ज्या चुलीचे धुराडे बुजले आहे, तिच्यात कितीही सरपण घातले तरी जाळ धरत नाही, तसाच हा प्रकार आहे.

बंद पडण्याची रीत पाहावी

इंजिन कसे बंद पडते, याकडे प्रथम लक्ष द्यावे. वेग वाढविताच ते गुदमरत असेल व गाडी ओढत नसेल, तर धुराची वाट अडल्याचा संशय घ्यावा. काही मिनिटे चालून, मंद होत होत विझत असेल, तर डिझेलच्या नळीत हवा शिरत असावी. धक्का बसताच एकाएकी बंद पडत असेल, तर विजेची तार सैल किंवा जळालेली असण्याचा संभव असतो.

तपासाचा क्रम

१. धुराची वाट : इंजिन थंड असताना नळी टोकापर्यंत पाहावी. आत चिंधी किंवा पॅकिंगचा तुकडा राहिला आहे काय, नळी कोठे चेपली आहे काय, जोडावरील पॅकिंगचे भोक नळीच्या भोकाशी जुळते काय, हे तपासावे. जुना सायलेन्सर पुन्हा बसविला असल्यास त्याच्या आतील पत्रा सुटून वाट अडवू शकतो. खात्रीसाठी मॅनिफोल्डच्या, आणि टर्बो असल्यास टर्बोच्या, पुढील जोडाचे बोल्ट सैल करून गाडी मोकळ्या जागेत क्षणभर चालवावी. इंजिन आता सुरळीत चालले, तर अडथळा त्या जोडापुढे आहे. बाहेर पडणारा वायू अतिशय तप्त असतो. तार, रबरी नळी व हात दूर ठेवावेत.

२. एक्झॉस्ट ब्रेक : घाट उतरताना वापरावयाच्या या ब्रेकची झडप धुराच्या नळीतच असते. ती बंद स्थितीत अडकली किंवा तिचा दांडा चुकीचा जोडला गेला, तर वाट जवळजवळ बुजते. काही गाड्यांत हाच ब्रेक डिझेलचा पुरवठाही तोडतो. झडप पूर्ण उघडते याची खात्री करावी.

३. डिझेलची नळी : काम करताना जवळची नळी हलली किंवा तिची पकड सैल झाली, तर फीड पंपाच्या ओढीने हवा आत जाते. या बाजूस डिझेल बाहेर गळतेच असे नाही, म्हणून दोष चटकन दिसत नाही. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप चालवावा. बुडबुडे येत असल्यास जोड घट्ट करावेत, तांब्याचे जुने वॉशर बदलावेत आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी.

४. विजेच्या तारा : ज्या पंपावर विजेने चालणारी डिझेलची झडप असते, तिची तार निघाल्यास इंजिन तत्काळ थांबते. तप्त नळीला टेकलेल्या तारा आणि अर्थिंगची पट्टी पाहावी. यापुढे गाडीवर वेल्डिंग करविताना बॅटरी व अल्टरनेटरच्या तारा आधी सोडवाव्यात आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावावी.

या चारही ठिकाणी दोष आढळला नाही, तरच पंप व नोझल जाणत्या फिटरकडून उघडवावेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारी निराळी यंत्रणा व संवेदक असतात. त्यांच्यासाठी वरील क्रम पुरेसा नाही.

जीविताची काळजी

बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो. पण तो प्राणघातक आहे. सैल जोडातून हा वायू केबिनमध्येही येऊ शकतो. चालकाचे डोके दुखू लागले किंवा त्याला भोवळ आली, तर त्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणावे व दवाखान्यात न्यावे.

दोष दूर होईपर्यंत भरलेली गाडी घाटात नेऊ नये. इंजिन थांबले की ब्रेकसाठी नवी हवा भरत नाही आणि पॉवर स्टीअरिंग जड होते. चढावर गाडी बंद पडलीच, तर हँडब्रेक ओढून चाकांमागे ठोकळे किंवा मोठे दगड लावावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा क्रम वाहनमालकांस हंगाम सुरू होण्यापूर्वीच समजावून द्यावा. दुरुस्ती झालेली गाडी रिकामी असतानाच पाच-सात किलोमीटर चालवून पाहावी व मगच तीत माल भरावा. एवढी दक्षता घेतली, तर वाटेतील पुष्कळ हानी टळेल.