चूल एक, संसार दोन

भंडारा जिल्ह्यातल्या कितीतरी पोरांच्या हाती आलेला पहिला संगणक म्हणजे अँड्रॉइड फोन. पायथन शिकायचं तर लॅपटॉप घ्या, असं कॉलेजात सांगतात. साकोली-लाखांदूरच्या प्रत्येक घराला ते कुठून परवडणार? गंमत अशी की, फोनच्या पोटात लिनक्स आधीपासूनच आहे. अँड्रॉइडचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनक्सचाच. नाहीत ती फक्त लिनक्सची वरची नेहमीची साधनं, खिडक्या, मेन्यू आणि माऊसचा बाण.

हे वरचं सामान आणून ठेवण्याचा विचार पवईच्या आयआयटीत ‘आकाश’ या स्वस्त सरकारी टॅबलेटच्या वेळी झाला होता. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२चं अनावरण झालं. पडदा ७ इंची, रॅम अवघी ५१२ एमबी. आयआयटीच्या चमूने त्यातच लिनक्सचं वेगळं फाइलतंत्र बसवलं आणि ‘सीएच-रूट’ या जुन्या आज्ञेने प्रोग्रामना पटवलं, की तुमचं जग इथूनच सुरू होतं. अँड्रॉइडवर पायथन आणि सायलॅब हे गणिती सॉफ्टवेअर चालू लागले. कर्नलची चूल एक, तिच्यावर संसार दोन. आकाशची योजना पुढे बारगळली, युक्ती मात्र पक्की होती.

डेस्कटॉपचं काय? त्याचं उत्तर १९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या ‘एक्स’ या प्रणालीत आहे. तिथे चित्र काढायला सांगणारा प्रोग्राम वेगळा आणि ते उमटवणारा सर्व्हर वेगळा. दोघांत फक्त निरोपांची देवाणघेवाण. सर्व्हरकडे खरा पडदा असलाच पाहिजे, असं नाही. ‘झेफिर’ हा सर्व्हर दुसऱ्या डेस्कटॉपवर एक खिडकी उघडतो आणि आतल्या प्रोग्रामना तोच पडदा म्हणून दाखवतो. फोनवर ‘एक्सव्हीएनसी’ हा तसाच सर्व्हर नुसत्या मेमरीत चित्र काढतो. शेजारचं अ‍ॅप १२७.०.०.१ या पत्त्यावर, ५९०१ क्रमांकाच्या पोर्टवरून ते उचलून दाखवतं. निरोप फोनबाहेर जातच नाहीत, त्यामुळे डेटाही खर्च होत नाही.

सीएच-रूटसाठी फोन ‘रूट’ करावा लागतो, म्हणजे त्याचे सर्वाधिकार मिळवावे लागतात. आज ‘टर्मक्स’ हे टर्मिनल आणि त्यातलं ‘प्रूट’ घेतलं, की त्याची गरज उरत नाही. प्रूट प्रोग्रामच्या कर्नलकडे जाणाऱ्या मागण्या वाटेतच अडवतो, फाइलचा पत्ता बदलतो आणि पुढे सोडतो. आत बसलेल्या डेबियन या लिनक्सला ‘मी कोण?’ विचारलं तर ते ऐटीत ‘रूट’ म्हणतं. अँड्रॉइडच्या लेखी ते एक साधं अ‍ॅप. या अडवाअडवीत वेळ जातो, काम मंदावतं. शिवाय प्रोग्रामने सुरू केलेल्या पोटप्रक्रियांवर अँड्रॉइड १२ पासून एकूण ३२ची मर्यादा आली. ती ओलांडली की चालता डेस्कटॉप गायब, मागे उरतं ‘सिग्नल ९’. पोराला वाटतं, आपलंच काही चुकलं! अँड्रॉइड १४ पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ही मर्यादा उठवता येते. ते बटण इतकं खोल का दडवलंय, कोण जाणे.

मार्च २०२५मध्ये गूगलने पिक्सेल फोनांवर डेबियन आभासी यंत्रातच दिलं. तिथे कर्नलही वेगळा, म्हणजे चूलही वेगळी. पण पिक्सेलच्या किमतीत लॅपटॉप येतो! हाताशी ४ जीबी रॅमचा फोन असेल तर प्रूटच बरं: एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप घ्यावा, ओटीजी केबलने साधा की-बोर्ड जोडावा आणि आत फायरफॉक्स उघडायच्या भानगडीत पडू नये. ब्राउझर अँड्रॉइडकडे आहेच.