भाताचा भारा, गाळ्याचा भारा

कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडली की ठाणे मागे पडते. मग कशेळी, काल्हेर, पूर्णा अशी गावे येतात. पण एक कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे पाट्या वाचल्यावाचून कळत नाही. दुतर्फा पत्र्याची छपरे, लोखंडी शटरे, पाठ लावून उभे ट्रक, डोक्यावर मेट्रोचे खांब. याच गोदामांच्या राज्यात वळ आहे. वसईच्या मोहिमेतल्या गंगाजी नाईकांचे अंजूर इथून जवळच. मला मात्र हवा होता तो पोटापाण्याचा इतिहास.

तो एका वृद्ध आगरी शेतकऱ्याने एका वाक्यात सांगितला. "आदी भाताचा भारा, आता गाल्याचा भारा." आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो आणि भाड्याचाही भारा होतो. म्हातारबाबांना आपण कोटी केली याचा पत्ताही नव्हता.

एकाच धंद्यावर उभ्या राहिलेल्या गावाची कथा खाणीच्या गावासारखी असते. विदर्भात वरोऱ्याला कोळसा सापडला म्हणून वर्ध्याहून रेल्वे गेली. १९०६ साली ती खाण बंद पडली. वळच्या भूमीत कोळसा नव्हता, भाताचा चिखल होता. पण या चिखलात एक अजब गुण होता. तो मुंबईजवळ होता आणि मुंबईत नव्हता! मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल नेला की जकात. जो माल पुढे नाशिकला किंवा नागपूरला जायचा, त्यावर ती का भरावी? व्यापाऱ्यांनी हिशेब केला आणि माल हद्दीबाहेर, भिवंडीच्या शिवारात उतरवला. यंत्रमागांच्या कापडाने भिवंडीला ट्रक आणि हमाल यांची सवय आधीच लावली होती. खाचरात भराव पडला, भरावावर गाळे उभे राहिले. त्यांतले कितीतरी रीतसर परवानगीवाचून. २००७ साली या परिसरातल्या गावांच्या नियोजनाचे काम 'एमएमआरडीए'कडे आले, तोवर बरेच काही बांधून झाले होते.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. आता या गोदामांचाही वरोरा होणार, असे मला वाटले होते. माझा अंदाज साफ चुकला. पूर्वी कंपन्या विक्रीकराच्या सोयीसाठी राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवत. ती गरज संपली, मोजकी पण मोठी गोदामे हवीशी झाली. भ्रमणध्वनीवरून मागवलेली वस्तू दाराशी पोचवणाऱ्या कंपन्यांनाही महानगराच्या उंबऱ्यावरच जागा हवी होती. खाण रिकामी होते. गोदाम रिकामे झाले की पुन्हा भरते.

पण हे भरणारे हात कुणाचे? जमीनधारकाला भाडे मिळाले, काहींनी ट्रक घेतले, पक्की घरे बांधली. ज्यांनी जमीन लवकर विकली, त्यांच्या मुलांनी पहारेकऱ्याच्या खुर्च्या धरल्या. हमालीला माणसे उत्तर प्रदेश, बिहारमधून आली आणि जिथे काम तिथेच वरच्या मजल्यावर राहू लागली. २९ एप्रिल २०२३ च्या शनिवारी दुपारी वळच्या हद्दीत अशीच एक इमारत कोसळली. खाली गोदाम, वर भाडेकरूंचे संसार. आठ माणसे गेली. ढिगाऱ्याखालून कित्येक तासांनी एकाला जिवंत बाहेर काढले. असो.

परतताना चहाच्या टपरीवर एक तरुण हमाल भेटला. मूळ गाव कोणते, म्हटल्यावर जौनपूर जिल्ह्यातले आपले खेडे, तिथला पोस्टाचा पत्ता, नदी, सगळे त्याने हौसेने सांगितले. मग विचारले, "आणि इथे कुठे राहतोस?" त्याने वळचे नाव घेतले नाही. गाळ्याचा नंबर सांगितला.