अंकांचा हार आणि न तुटणारी संख्या

नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, आचार्य महावीरांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यातील गुणाकाराच्या काही उदाहरणांची उत्तरे गळ्यातील हारासारखी आहेत. कोणत्याही टोकाकडून वाचली तरी अंकांचा क्रम तोच. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ हा हार हाती येतो. गंमत अशी, की १११११११ नव्हे, तर सहा वेळा १ लिहून होणाऱ्या १११११ १ अशा संख्येचा, म्हणजे १११,१११ चा, हाच वर्ग होय.

सुमारे अकराशे वर्षांनी महाराष्ट्रातील एका शिक्षकाला याच जातीच्या हारांनी वेड लावले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवीत. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ या कुळात स्थान दिले. मुंबईजवळच्या ज्या रेल्वेस्थानकावर ही कल्पना सुचली, त्यावरून हे नाव पडले.

या हारांच्या मुळाशी असलेली नुसत्या एकांची माळ मात्र एक अवघड प्रश्न विचारते : ती तुटते का? माळेत सहा मणी असतील तर दोन-दोनांचे किंवा तीन-तीनांचे गट पडतात. म्हणून १११,१११ ला ११ ने भाग जातो आणि १११ नेही. तेव्हा माळ अभंग राहायची असेल, तर मण्यांची संख्या मूळ संख्या असलीच पाहिजे. पण तेवढे पुरत नाही. तीन मण्यांची माळ ३ × ३७ अशी फुटते, पाचांची ४१ × २७१ अशी, सातांची २३९ × ४६४९ अशी. अकरा, तेरा आणि सतरा मण्यांच्या माळाही फुटतात.

११ नंतर न तुटणारी पहिली माळ १९ मण्यांची. ती पारखायची तर सुमारे १०५ कोटींपर्यंतचे भाजक तपासावे लागतील. येथे गणित श्रम वाचविते : भाजक मूळ संख्या असेल, तर त्याला १९ च्या दुपटीने, म्हणजे ३८ ने, भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. बाकी सारे उमेदवार न तपासताच बाद होतात.

त्यापुढची अभंग माळ २३ मण्यांची, मग एकदम ३१७ ची, नंतर १०३१ ची. शेवटची १९८६ मध्ये, कापरेकरांच्या निधनाच्याच वर्षी, सिद्ध झाली. अशा माळा अनंत आहेत की कोठेतरी संपतात, हे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही.

सराफाच्या पेढीवरचा नियम येथेही लागू पडतो : चकाकीवरून नव्हे, कसोटीवरूनच सोने ठरते.