चार वर्षांचा विक्रम, बडनेऱ्यापर्यंत

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात युली नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेकडून फुटबॉल खेळताना डेरिक हेन्री या पोराने चार वर्षांत चेंडू काखेत मारून १२,१२४ यार्ड पळून काढले. तिकडच्या शालेय फुटबॉलचा हा विक्रम २०१२ साली झाला. आधीचा विक्रम टेक्सासमधल्या शुगर लँडच्या केन हॉलचा होता, ११,२३२ यार्डांचा. तो १९५३ पासून ५९ वर्षं कोणाला मोडता आला नव्हता.

हे यार्ड आपल्या मापात आणले तर ११,०८६ मीटर होतात. अमरावतीहून निघालं तर बडनेरा स्टेशन ओलांडून जरा पुढे. एका जगप्रसिद्ध खेळाडूची शाळेतली अख्खी चार वर्षांची कमाई आपल्याकडे ऑटोत बसून अर्ध्या तासात संपते.

पण हेन्रीवर अन्याय नको. त्यांचा फुटबॉल हाताने खेळतात. चेंडू पुढे न्यायचे दोन रस्ते: लांब फेकायचा आणि दुसऱ्याने झेलायचा, नाहीतर छातीशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचं. मोजतात ते फक्त पुढे सरकलेलं अंतर. समोरची अकरा पोरं पायाला, कमरेला, मानेला लटकलेली असताना पडलेलं प्रत्येक पाऊल त्या १२,१२४ मध्ये आहे. आडवं पळणं, मागे वळणं, हुलकावण्या यांचा एक इंचही नाही. शिवाय शाळेला खेळाडू विकत घेता येत नाहीत, गावात जन्मली ती पोरं घेऊनच संघ उभा करावा लागतो. लांब आणि अचूक फेकणारा हात दरवर्षी गावात निपजत नाही, पळणारे पाय मात्र निपजतात. म्हणून तिकडच्या कितीतरी शाळा फेकाफेकीच्या नादी लागत नाहीत, नुसत्या पळतात.

त्यांचं गणितही साधं आहे. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे गेलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. म्हणजे दर प्रयत्नाला अडीच यार्ड पुरे. अडीच यार्ड म्हणजे २ मीटर २९ सेंटिमीटर.

हा आकडा वाचून खो-खोच्या माणसाचे कान टवकारले पाहिजेत. आपल्या मैदानावर दोन आडव्या पाट्यांमधलं अंतर असतं २ मीटर ३० सेंटिमीटर. एका सेंटिमीटरचा फरक! दोन्ही खेळांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हा निव्वळ योगायोग आहे. तरीही माणसाला जोर लावून एका दमात घेता येईल अशा झेपेचं हे माप असावं, असा माझा आपला एक तर्क.

आता वऱ्हाडातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर या. सामान काय लागतं? दोन लाकडी खांब, आखणीला चुन्याची फक्की, शिट्टी. चेंडू नाही, बॅट नाही, जाळी नाही. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद जागा. मधोमध २४ मीटरची पाटी, तिच्या दोन टोकांना सव्वा मीटरच्या आतले खांब. मधल्या पाटीवर आठ गडी उकिडवे बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा पळतो. समोरून तीन-तीनच्या तुकडीने पळती येते. आक्रमण म्हणजे इथे फक्त पळणं, दुसरं हत्यारच नाही. अमेरिकेतल्या सगळ्यात हट्टी पळकुट्या संघालाही अधूनमधून चेंडू फेकायची मुभा असते. खो-खोत तीही नाही.

आणि त्यातही काय बंधनं! पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब ओलांडेपर्यंत मागे वळायचं नाही. मधली पाटी ओलांडायची नाही. पळतीचा गडी मात्र मन मानेल तसा इकडून तिकडे जातो, बसलेल्यांच्या मधून निसटतो, गर्रकन फिरतो. म्हणजे शिकाऱ्याचे पाय बांधलेले आणि सावज मोकळं. या अन्यायावर उतारा एकच: बसलेल्याच्या पाठीवर पंजा टेकवायचा, त्याच क्षणी ‘खो’ म्हणायचं आणि आपण त्याच्या जागी बसायचं. हात आधी, आवाज नंतर, असं झालं तर चूक. बसलेला खो मिळण्याआधी उठला तरी चूक. उठलेला गडी तोंड असेल त्या बाजूला निघतो आणि खांदा डावीकडे वळवायचा की उजवीकडे, हे तिथल्या तिथे ठरवतो. बाहेरून पोट्टे ओरडत असतात, ‘पय रे, पय!’ आणि ‘अबे, खो दे ना!’ हे दोन परस्परविरोधी सल्ले एकाच श्वासात.

बंधनांमुळेच इथले आकडे फुगतात. वळायची मुभा असती तर एक चपळ गडी एकटाच धावला असता आणि दमून बसला असता. वळता येत नाही म्हणून पाळी सतत बदलते, ताजे पाय येत राहतात आणि आक्रमण नऊ मिनिटं एक क्षणही थांबत नाही. गडी बाद झाला तरी दुसरा समोर असतोच. अमेरिकन शालेय सामना ४८ मिनिटांचा, पण एकेक चाल पाच-सहा सेकंदांत आटोपते आणि मग सगळे गोल करून उभे राहतात. तिथे घड्याळ पळतं, माणसं उभी असतात.

या नऊ मिनिटांचं अंतर किती? पाठलागाचा वेग वळणं, खांबाचे फेरे, उठबस धरून ताशी १५ किलोमीटर मानू. हा अंदाज माझा आहे. ज्याला पटणार नाही त्याने आपला घालावा. या वेगाने नऊ मिनिटांत सव्वादोन किलोमीटर होतात. एका सामन्यात दोन्ही संघ मिळून आक्रमणाच्या चार पाळ्या, म्हणजे ९ किलोमीटर. पळतीच्या गड्यांची धाव यात मोजलेलीच नाही. हेन्रीची चार वर्षं आणि आपला एक सामना जवळजवळ शेजारी येऊन बसतात. मोजायची रीत वेगळी आहे, हे वर कबूल केलंच आहे. पण त्यांच्याकडे यार्ड न् यार्ड वहीत उतरतो, सत्तर वर्षांपूर्वीच्या पोराचा हिशेबही सापडतो. आपल्या गुणपत्रकात अंतराचा रकानाच नसतो. पाठलाग करणाऱ्याच्या नावावर किती गडी टिपले ते, पळतीच्या गड्याच्या नावावर किती मिनिटं-सेकंद टिकला ते. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘२.१० मिनिटे संरक्षण व ३ गडी’ एवढं छापून येतं. ते तीन गडी टिपायला किती पाय झिजले, याची कोणाला पडलेली नाही. मला हे खटकतं.

अंतराचं म्हणाल तर या भागाला विक्रमांची सवय आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झाला आणि गिनीजमध्ये नोंद झाली. अख्ख्या महाराष्ट्राने ते कौतुकाने पाहिलं. रस्ता ताशी ७१० मीटरने पुढे सरकत होता. तेवढा रस्ता पाठलागात कापायला खो-खोचे नऊ सामनेसुद्धा लागणार नाहीत.

आता सामना सोडा, हंगाम घ्या. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात: १४, १७ आणि १९ वर्षांखालचे मुलगे आणि मुली, असे सहा गट. एका तालुक्यात एका गटात आठच शाळा उतरल्या असं धरू. बाद पद्धतीत आठ संघांचे सात सामने होतात. सहा गटांचे ४२. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे संघ कमी असतील, अचलपूर-अकोटकडे जास्त. सरासरी म्हणून आठ चालेल. लहान पोरं म्हणून पाळी नऊ मिनिटांची न धरता सगळ्यांना सातची देऊ आणि वेगही ताशी १२ वर आणू. सामन्याला ५.६ किलोमीटर पडतात.

अमरावती जिल्ह्याचे १४ तालुके, अकोल्याचे ७. एकवीस तालुक्यांत ८८२ सामने, म्हणजे ४,९३९ किलोमीटर. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. यवतमाळ, बुलडाणा, वाशिम जोडून विभागाचे ५६ तालुके घेतले तर १३,१७१ किलोमीटर भरतात. पृथ्वीचा व्यास १२,७४२. म्हणजे वऱ्हाडातली पोरं तालुका पातळीवरच, जिल्ह्याचं तोंड बघण्याआधी, तिवशाच्या मैदानातून भोक पाडून पलीकडे निघतील एवढं पळतात. महाराष्ट्रात साडेतीनशेच्या वर तालुके आहेत. साडेतीनशेच धरले तर ८२,३२० किलोमीटर, पृथ्वीला दोन फेऱ्या. कितीतरी सामने डावाने जिंकले जातात आणि लवकर संपतात, काही शाळा येतच नाहीत, कुठे पाऊस पडतो आणि काळ्या मातीच्या मैदानात पाय रुततात. तेव्हा निम्मं सोडून द्या. एक फेरी तरीही पुरी होते.

हे पळणं वऱ्हाडाला नवं नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभ्या केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी थेट बर्लिनला गेला आणि तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. त्याच ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सने १०० मीटर १०.३ सेकंदांत मारले आणि चार सुवर्णपदकं नेली. ओवेन्सचे ते सेकंद दशांशासकट जगाच्या तोंडपाठ आहेत. पुढे खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भ आपला संघ वेगळा उतरवत आला. महाराष्ट्राचा निराळा, कोल्हापूरचाही निराळा. एकाच राज्यातून तीन संघ, हाही एक आकडा गमतीचाच.

आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या, एकूण २८ मिनिटं. म्हणजे दर साडेनऊ सेकंदांना भारताचा एक गुण, तोही दोन पाळ्या बचाव करण्यात घालवून. पुढे इराण आणि मलेशिया यांच्याविरुद्ध बरोबर शंभर-शंभर, बांगलादेशाविरुद्ध १०९. अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४०. मुलांनीही नेपाळलाच ५४-३६ ने हरवून चषक घेतला. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. १७५ चा आकडा मोठा खरा, पण तो दोन संघांमधल्या दरीचा आहे. खेळाची खरी अफाटता मला दुसरीकडे दिसते.

खो मिळाला की डावीकडे की उजवीकडे, हा निर्णय आठवतो ना? दोनच पर्याय. सरासरी तीन सेकंदांना एक खो धरला तर नऊ मिनिटांच्या पाळीत १८० खो पडतात. पहिल्या खोला दोन वाटा, दुसऱ्याला मिळून चार, तिसऱ्याला आठ. दहाव्या खोला १,०२४. विसाव्याला दहा लाखांच्या वर. एकशे ऐंशीव्या खोला जो आकडा येतो तो ५५ आकडी आहे. अख्ख्या पृथ्वीत जेवढे अणू आहेत त्यांचा आकडा ५१ आकडी. दहा हजार पृथ्व्या घेतल्या तरी त्यांतले अणू कमी पडतील इतक्या तऱ्हांनी एक पाळी घडू शकते. आणि यात कोणाला खो द्यायचा, कोणाला वगळून पुढे जायचं, खांबावर सूर कधी मारायचा, हे काहीच धरलेलं नाही. निव्वळ डावं-उजवं.

तीन सेकंदांचा माझा हिशेब कोणाला सढळ वाटत असेल तर तपासणं सोपं आहे. पुढच्या तालुका स्पर्धेत बाकावर बसवलेल्या एखाद्या राखीव गड्याच्या हातात वही-पेन द्या आणि दर खोला एक रेघ ओढायला सांगा. रेघा दहाने कमी भरल्या की माझ्या आकड्याला १,०२४ ने भागायचं. नऊ मिनिटांत शंभरच खो पडले, तरी उरतो तो ३१ आकडी.